बजावणी

एकवीस वर्षं मी धुळ्याच्या कोर्टात बेलिफ.
लोकांच्या दारात कागद घेऊन उभा राहतो,
पाण्याला कुणी विचारत नाही.

कुसुंब्याच्या पुढे, पहाटे पावणेचारला,
वरात वाजवून नेरला पायी निघालेल्या
निंबा झुलाल मोरेला मागून पांढरी गाडी धडकली.
पंचनाम्यात लिहिलंय :
चप्पल एक, डाव्या पायाची.
पितळी कॉर्नेट एक, तोंडाशी दबलेला.
खिशात दहाच्या नोटा सात, गुलालानं माखलेल्या.

गाडीचा विमा नऊ दिवसांपूर्वीच सरला होता,
म्हणून सगळे मालक शोधायला लागले.

ड्रायव्हर म्हणाला, मी ठेकेदाराचा.
ठेकेदार म्हणाला, मी माणसं पुरवतो, गाड्या नाही.
साक्रीकडची पवनचक्की कंपनी म्हणाली,
गाडी छत्तीस महिन्यांच्या लीजवर,
आमचे साहेब फक्त मागच्या सीटवर बसतात.
आरसी बुकात नाव निघालं लीज कंपनीचं.
तो कागद माझ्या थैलीत आला.

देवपुरात, साड्यांच्या दुकानावर तिसरा मजला.
काचेच्या दारावर गणपती, आत एक मुलगी, एक पंखा.
साहेब पुण्याला असतात.
दुसऱ्यांदा गेलो : आत्ताच गेले.
तिसऱ्यांदा कुलूप. डिंक मी बरोबरच नेला होता.
खालचा रसवाला आणि साडीवाल्याचा पोऱ्या,
या दोन पंचांसमक्ष समन्स दाराला चिकटवलं,
सोंडेला धक्का न लावता.

मग त्यांचा वकील आला. तरणा, हुशार,
मे महिन्यात काळ्या कोटात घाम न येणारा.
म्हणाला, नाव आमचं आहे, ताबा नाही.
गाडी ज्याच्या हाती, कायद्यानं तो मालक.
आम्ही पैसा लावला, चाक फिरवलं नाही.
विहीर बांधून देणारा
बुडणाऱ्याचं देणं लागतो का?

मला पटलं. खोटं कशाला बोलू.

अनुसया निंबा मोरे पिंजऱ्यात उभी.
मालक कोण होते, माहीत आहे का?
ती म्हणाली, "मालक ते गयात, साहेब."
स्टेनोची बोटं थांबली.
नवरा नव्हे हो बाई, गाडीचा. गाडीचा मालक.
ती त्याच्याकडे बघत राहिली,
रस्ता ओलांडायला थांबलेलं माणूस बघतं तशी.

पुढे हिशेब. लगीनसराई चार महिन्यांची,
उरलेले आठ महिने मयत वाजवत नव्हता.
वय एकेचाळीस, गुणक चौदा.
मागे खाणारी तोंडं चार,
मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा.
त्याचा खर्च काय होता, ती सांगायला लागली होती
(तंबाखू, आणि ओठाला लावायचं खोबरेल)
तेवढ्यात दुसरी केस पुकारली.

हा सोमवार.

गुरुवारी फौजदारीकडच्या बाबूनं एक पत्र दिलं,
तालुका पोलीस ठाण्यात पोचवायचं.
अर्जदार : तीच लीज कंपनी.
विषय : जप्त वाहनाचा ताबा मिळणेबाबत.
अर्जदार हे सदर वाहनाचे खरे व एकमेव मालक असून
वाहन उन्हात पडून कवडीमोल होत आहे, करिता विनंती.
खाली सही. साहेब पुण्याला असतात, त्यांचीच.

ठाण्याच्या आवारात गाडी बाभळीखाली होती.
बोनेटवर शेंगा, मागच्या सीटवर कोंबडी बसलेली.
हवालदारानं पोच दिली, तारखेसकट.

बेलिफानं मजकूर वाचायचा नसतो, पोचवायचा असतो.
एकवीस वर्षं मी तेच केलं.

परतताना अनुसयाबाईंच्या वकिलाच्या टेबलाशी थांबलो,
पाणी मागितलं,
आणि चष्मा लागतोय का बघावा तसा
कागद लांब धरून
त्या अर्जाचा नंबर मोठ्यानं वाचला.

त्यांनी पाणी दिलं.
म्हणाले, परत वाचा.